एसएसडी टाका, पण कार्डावर नको

लातूरहून एका डीटीपीवाल्यांचं पत्र आलंय. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं अशी कामं. संगणक २०१४चा, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. सकाळी बटण दाबून चहा पिऊन आलं तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. दुकानदार म्हणतो, ५०० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) ३,५००ला बसवून देतो. पण त्यापेक्षा ४५ हजारांचा नवा संगणक ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्या, कामही दीडपट होईल, टॅक्सही वाचेल. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘क्रेडिट कार्डावर ८० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ४ हजार न चुकता भरतो. दीड लाखाची एफडी आहे, ७ टक्क्यांची, अडीअडचणीला ठेवलीय, तिला हात लावायचा नाही.’

विचारलंत त्याचं उत्तर सोपं आहे: एसएसडी. तुमचा प्रोसेसर कोरलला, म्हणजे पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरला, पुरतो; वेळ खातेय ती फिरणारी हार्डडिस्क. साटाचीच घ्या, ती जुन्या हार्डडिस्कच्याच जोडणीला लागते. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डात बसणारी एसएसडी) गळ्यात मारू लागला तर नको म्हणा, त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवर तिला जागाच नसते.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ. ‘न चुकता’ हा शब्द तुम्ही अभिमानाने लिहिलाय, आणि तिथेच सगळी चूक आहे. स्टेटमेंटचं दुसरं पान उघडा. साधारण साडेतीन टक्के महिना व्याज असतं, म्हणजे ८० हजारांवर २,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी ५००. तुमच्या ४ हजारांतले ३,३०० असेच गेले. कर्ज फिटलं ७००चं. या चालीने, कार्डावर नवा एक रुपया न खर्चता, फेडायला साडेतीन वर्षं आणि १ लाख ७० हजार लागतील. तिकडे एफडीतले तेवढेच ८० हजार तुम्हाला वर्षाला देतात साडेपाच हजार आणि इकडे कार्ड नेतं जवळपास ४० हजार. अडीअडचणीला ठेवलीय म्हणता, मग ही अडचण नाही तर काय आहे?

एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा एखादा टक्का कापतील, कापू द्या. कार्ड पूर्ण शून्य करा आणि उरलेल्या ७० हजारांची पुन्हा एफडी करा.

ते ‘नो कॉस्ट’ही ऐकून घ्या. व्याज असतंच; विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून वजा करून दाखवतो आणि रोखीत मिळाली असती ती सूट गायब होते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. वर्षभराच्या हप्त्यांनी महिन्याला पावणेचार हजार त्याच कार्डावर चढतील. टॅक्स? तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना उत्पन्न धरून) रिटर्न भरता असं लिहिलंय. तिथे घसाऱ्याची, म्हणजे यंत्राच्या झिजेची, वेगळी वजावट मिळतच नाही. आणि काम दीडपट होईल म्हणणाऱ्याला एकदा विचारा, लातुरात लग्नंही दीडपट होणार आहेत का?

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूची. विंडोज १०चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. म्हणजे एसएसडीने वर्ष-दीड वर्ष मिळेल, जास्त नाही. तोवर बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करू नका.

पुढच्या महिन्यात कार्डाला जाणारे ४ हजार हातात राहतील. त्यातून एसएसडी, रोखीने. त्यानंतर दरमहा तेच ४ हजार आरडीत. वर्षाने ४८ हजार जमतील, तेव्हा नवा संगणक बघा. एसएसडी बसवताना जुनी डिस्क क्लोन करून (तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर) घ्या, म्हणजे श्रीलिपीचे मराठी फॉन्ट नि कोरल पुन्हा टाकायला नकोत. आणि क्लोन करण्याआधी पत्रिकांच्या फायली एका पेनड्राइव्हवर उतरवा. २०१४ची डिस्क आहे.