वाचकांचे प्रश्न : जुनी लाकडी रनअबाउट विकताना

प्रश्न : माझ्याकडे १९४८ ची १७ फुटी क्रिस-क्राफ्ट डिलक्स रनअबाउट, म्हणजे या अमेरिकन कंपनीची छोटी वेगवान लाकडी मोटारबोट, आहे. तळ नवा केला, वॉर्निशचे १४ हात दिले, इंजिन पूर्ण उघडून बांधलं. विकताना हा सगळा खर्च किमतीत धरावा का? आणि गिऱ्हाईक आधी काय बघेल?

उत्तर : खर्च धरून किंमत ठरवू नका, बोट वर्षभर पडून राहील. मॉडेल, मूळपणा आणि तळाची अवस्था यांवर भाव ठरतो. तुमच्या मजुरीचे तास त्यात कुणी मोजत नाही. त्याच मॉडेलच्या बोटी प्रत्यक्षात कितीला गेल्या ते शोधा. जाहिरातीतल्या किमती ही नुसती मागणी असते.

जाणकार माणूस डेकवरून एकदा हात फिरवतो आणि लगेच ट्रेलरखाली वाकतो. म्हणून जाहिरातीत तळाचं आधी लिहा. मूळ पद्धतीचा दुहेरी फळ्यांचा, मधे कॅनव्हास घातलेला आहे, की थ्रीएम ५२०० सारख्या लवचीक सीलंटमध्ये बसवलेला? पहिला तळ कोरडा असताना गळतोच. पाण्यात दोन-तीन दिवस, कधी जास्तही, मुरल्यावर फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. अशी बोट ट्रेलरवरून थेट चाचणीला उतरवलीत, तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाच्या खोलगट भागात, चढणारं पाणी बघूनच गिऱ्हाईक परत जाईल. आधी मुरवून ठेवा. सांध्यांत कडक इपॉक्सी भरलं असेल तर तेही सांगा. फळ्यांना फुगायला जागा उरली नाही की त्या फ्रेमवरचे स्क्रू ओढून काढतात.

स्क्रूंचा पुरावा हवाच. जुने पितळी स्क्रू पाण्यात जस्त गमावतात. बाहेर काढलेला स्क्रू आतून गुलाबी दिसतो आणि बोटांनी सहज मोडतो. सिलिकॉन ब्राँझचे घातले असतील तर बिलं आणि तळ उघडा असतानाचे फोटो क्रमाने लावा. नव्या वॉर्निशपेक्षा या फोटोंना जास्त किंमत आहे. विक्रीच्या तोंडावर आणखी एक हात देण्याचा मोहही टाळा. स्क्रूचं डोकं झाकणाऱ्या लाकडी बुचाभोवतीची काळी कडा म्हणजे वॉर्निशखाली पाणी शिरल्याची खूण, आणि ती झाकायलाच ताजा हात दिला असा संशय येतो.

कागदपत्रं लवकर तपासा. अमेरिकेत बोटीच्या हलचा, म्हणजे सांगाड्यासकट मुख्य अंगाचा, १२ अक्षरी-अंकी ओळख क्रमांक १ नोव्हेंबर १९७२ पासून आला. तुमच्या बोटीला कारखान्याचा जुना, आर-१७ ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. मालकीपत्रावर बऱ्याचदा हलऐवजी इंजिनाचा क्रमांक चढलेला असतो, आणि ते गिऱ्हाइकाच्या नोंदणीच्या वेळी उघड होतं. क्रिस-क्राफ्टची हल कार्डं, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक बोटीच्या नोंदी, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरीनर्स म्युझियमकडे आहेत. प्रत मागवा, मूळ इंजिन तेच आहे का हे त्यावरून ताडता येतं. विजेची यंत्रणा ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर नेली असेल, तर काढलेले भाग बोटीबरोबरच द्या.

क्रम असा ठेवा : अनामत, मग ट्रेलरवर सर्व्हेअरची तपासणी, मग पाण्यातली चाचणी. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बिल्जमध्ये साचते, आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. कार्बुरेटरवरचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी, जागेवर आहे ना, तेही बघा. ठरलेल्या रकमेपेक्षा मोठा चेक पाठवून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणणारा फसवतोय हे नक्की समजा. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याची बँकेकडून खात्री होईपर्यंत बोट हलू देऊ नका.

प्रश्न : ट्रेलर वेगळा विकला तर चालेल का?

उत्तर : तो या बोटीच्या मापाचा असेल तर नको. वजन कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर, पेललं पाहिजे, ट्रेलरच्या बाजूच्या फळ्या फक्त तोल धरायला. चुकीच्या ट्रेलरवर बोट काही महिने उभी राहिली की मागच्या बाजूला तळात खोलगट बाक येतो आणि वेगात नाक खाली दाबलं जातं. ट्रेलरची कागदपत्रं मात्र वेगळी असतात, ती तयार ठेवा.