मावशीची सही आणि आजीचा हिस्सा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "मावशीने आजोबांच्या घराचा आणि शेताचा हिस्सा मामाला लिहून दिला. आपल्याकडे बहिणींनी असंच करायचं असतं का? तूही करणार?" फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही हे, म्हणून लिहिते आहे.

हो, बहुतेक घरांत असंच होत आलंय. वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात, आणि मग कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "आता हक्कसोड करून टाका." बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठा टेकवतात, फोटो काढून घेतात, आणि रात्री भावाकडेच जेवतात. भाऊ साडी नेसवतो. सही केली नाही तर माहेर तुटेल, भाऊबीजेला जायचं कुणाकडे, ही धास्ती प्रत्येकीच्या मनात असते. मावशीचा मामावर जीव आहे, त्यात खोट नाही. पण जीव आहे म्हणून हिस्सा सोड, असं भावाला कुणी कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

तुझ्या आजीची एक आत्या होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली. सासरची जमीन दिरांच्या ताब्यात. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा वाटा नसे, फक्त अन्नवस्त्र. ती पहाटे उठून दळण, स्वयंपाक, धुणी सगळं करायची, आणि स्वतःच्या कंदिलात घालायला तेल हवं असेल तर भावजयीला विचारायची. आजी हे सांगते तेव्हा तिला त्या कंदिलाचाच राग येतो.

अशा बायकांसाठी पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. त्यांची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा. पुढे १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, तीच बाया कर्वे. विधवेने शिकावं, चार पैसे स्वतः कमवावेत, ही रमाबाईंची तळमळ. पण शिकलेल्या बाईलाही डोक्यावरचं छप्पर दिराच्या नाहीतर भावाच्या मर्जीनेच मिळे, कारण घर तिच्या नावावर नव्हतं.

त्या दुसऱ्या अर्ध्या कामाला हात घातला डॉ. गोपाळराव देशमुखांनी. मुंबईचे नामांकित शल्यचिकित्सक, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य. पेडर रोडला आज त्यांचं नाव आहे, पण सगळे पेडर रोडच म्हणतात, आणि त्यामुळे हा माणूस विसरला गेला याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या प्रयत्नांतून १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा झाला. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलाइतका वाटा मिळाला. मात्र तो तिच्या हयातीपुरता. मनाप्रमाणे विकायची मुभा नाही, आणि तिच्यामागे तो नवऱ्याच्या वारसांकडे परत. त्यात शेतजमीन या कायद्यात येत नाही असं फेडरल कोर्टाने १९४१ साली सांगितलं. गावाकडे सगळी इस्टेट म्हणजे जमीनच, तेव्हा आजीच्या आत्याच्या हाती काय लागलं असेल ते तूच बघ.

मुलीलाही वाटा हवा म्हणून बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडले. ते अडवलं गेलं, आणि १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. मग १९५६ साली वारसा कायदा आला. विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला, वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी बरोबरीची वारस ठरली. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मात्र मुलग्यांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभर सगळ्या मुलींना मिळाला. म्हणजे मावशीने एका सहीत जे सोडलं, ते मिळायला इतकी माणसं आणि इतकी वर्षं लागली होती.

मावशीला मी दोष देत नाही. तिचं घर आहे, नोकरी आहे, आणि तिला ते मनापासून द्यायचं असेल तर तो तिचा अधिकार. पण तिला आधी कुणी बसवून कागद वाचून दाखवला असता, विचार करायला महिनाभर दिला असता, तर मला समाधान वाटलं असतं.

मी सही करणार नाही. मला तिथे राहायचं नाही, मामाला घराबाहेरही काढायचं नाही. शेत त्यानेच कसावं. माझं नाव सातबाऱ्यावर राहिल्याने त्याचं पीक कमी होत नाही. आणि आजीचाही हिस्सा आहे हे या गडबडीत सगळे विसरले. तिच्यापुढेही तोच कागद ठेवणार होते. तिचा वाटा तिच्याच नावावर राहील, एवढं मी मामाला स्पष्ट सांगितलंय. तो नाराज आहे, पण रविवारी फोन करतो म्हणालाय. तेव्हा तूही बस माझ्याजवळ. तुला जे विचारायचं ते त्यालाच विचार, फक्त आदराने.

तुझी,
आई