दरबारीचा गंधार कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय, कलेतलं सत्य आणि सौंदर्य वस्तुनिष्ठ असतं की ज्याच्या त्याच्या मनावर? मी शास्त्रीय गाणं शिकते, म्हणून गाण्यापुरतंच सांगते. सौंदर्य निसर्गानं ठरवून दिलेलं नाही, पण ते मनमानीही नाही, असं माझं ठाम मत आहे.

तानपुरा लावताना बघा. पहिली तार पंचमाची (प), मधली जोड षड्जाची (सा), शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘सा’ची. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा, मणी किंचित सरकवायचा, घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा हलवून बघायचा. तारा नेमक्या जुळल्या की खर्जातून शुद्ध गंधार (ग) ऐकू येऊ लागतो. तो कुठल्याच तारेला लावलेला नसतो. तारेच्या कंपनातूनच निघतो, आणि षड्जाशी त्याच्या कंपनसंख्येचं गुणोत्तर ५:४ असतं. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. आजच्या बहुतेक हार्मोनियमवरचा गंधार याहून जरा चढा असतो आणि तयार कानाला तो खटकतो. (१९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामागे असेही आक्षेप होते.)

आता त्याच तानपुऱ्यावर दरबारी राग गा. मागे शुद्ध गंधार गुंजतोय आणि गायक घेतोय कोमल, म्हणजे शुद्धाहून खालचा गंधार, तोही नेहमीच्या कोमलपेक्षा उतरलेला, संथ आंदोलनं घेत, म्हणजे हळू झुलत, रिषभाकडे (रे) झुकणारा. गुणोत्तरांच्या हिशेबात हे बसायला नको. तरी दरबारीचा सगळा जीव त्या गंधारात आहे.

मग ही नुसती आवड का? तोच गंधार कुणी सरळ, उभा लावला तर रसिक किराणा घराण्याचा असो की आग्रा घराण्याचा, दोघंही म्हणतील, हा दरबारी नव्हे. तेच स्वर घेऊन उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, चपळपणे फिरलात तर अडाणा हा वेगळाच राग समोर येतो. हे दंडक माणसांनीच घातले, पिढ्यान्‌पिढ्या गाऊन आणि ऐकून. एकट्यादुकट्याच्या लहरीनं ते हलत नाहीत. रागाचं सत्य म्हणतात ते मला इथे सापडतं.

व्यक्तिनिष्ठ भाग त्याच्या पुढचा. एकेक स्वर कुरवाळत जाणारी किराण्याची आलापी माझ्या काळजाला भिडते. आग्र्याच्या बोलबाटात, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाण्यात, लयीच्या झटापटीत रमणाऱ्यांना तीच लांबण वाटते. यावर मी वाद घालत नाही, कारण राग दोघांनाही कळलेला असतो. दरबारी कंटाळवाणा आहे असं कुणी म्हणालं, तर मी आधी विचारते, गंधार हलतोय हे कानावर आलं का? आलं असेल आणि तरीही आवडत नसेल, तर ते मत मला मान्य आहे.