राजीनाम्याआधीचे अर्ज

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा बेळगावातल्या टिळकवाडीच्या पत्त्यावर पोहोचले. परराष्ट्र सेवेतील राजीनाम्यांची कारणे शोधून टिपणी सादर करण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि पगार-भत्त्यांच्या तुलनेपासून सुरुवात करावी का, असे तू विचारले आहेस. तिथून सुरुवात करू नकोस. भत्त्यावर कुरकुर करणारे मला पुष्कळ भेटले, पण केवळ त्यासाठी नोकरी सोडलेला एकही भेटला नाही. राजीनामापत्रात सगळेच ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहितात, म्हणून त्या पत्रांत फार वेळ घालवू नकोस. त्याच माणसांनी त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत केलेले अर्ज मागवून घे.

हे मी कशावरून सांगतो तेही ऐक. एका वकिलातीत मी आस्थापना पाहत असताना निपाणीकडच्या एका सहकाऱ्याने मायदेशी बदली मागितली होती. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, आणि घरात पाहणारे दुसरे कोणी नाही असा तलाठ्याचा कन्नड दाखला सोबत जोडलेला. इंग्रजी भाषांतर नाही म्हणून अर्ज परत आला. त्या रात्री माझ्याच घरी बसून आम्ही दोघांनी भाषांतर केले. ‘हासिगे हिडिदिद्दारे’ (अंथरूण धरले आहे) या शब्दांशी तो बराच वेळ थांबला होता. अर्ज पुन्हा आला तेव्हा मी त्यावर ‘नियमानुसार पाहावे’ असा शेरा मारला आणि तो पुढे पाठवला. सात महिने उत्तर आले नाही, आणि मीही स्मरणपत्र पाठवले नाही. अखेर नकार आला तेव्हा त्याने तो शांतपणे वाचला, कारण सेवा सोडण्याचे त्याने त्या सात महिन्यांतच ठरवून टाकले होते. आठव्या महिन्यात त्याचा राजीनामा आला. वेळेवर ‘नाही’ म्हटले असते तर त्याने भावाला पुण्याहून बोलावले असते, असे तो जाताना म्हणाला. तो शेरा माझ्या हातचा आहे आणि मी तो विसरलेलो नाही.

आमच्या पिढीला निवृत्तिवेतनाने धरून ठेवले होते. राजीनामा दिला की मागची सारी सेवा बुडते आणि वीस वर्षे भरली तरच स्वेच्छानिवृत्ती मिळते, या धाकाने कित्येक जण मन मारून राहिले. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांची निवृत्तिवेतन योजना बदलली आणि तो बांध सैल झाला. त्यामुळे आज माणूस राहतो तो राहावेसे वाटते म्हणून, ही गोष्ट टिपणीत ठळकपणे मांड. अरबी, चिनी, जपानी शिकलेला अधिकारी गेला तर त्याच्या जागी लोकसेवा आयोगाच्या पुढच्या वर्षीच्या परीक्षेतून माणूस मिळेल, पण ती भाषा आणि त्या देशातल्या ओळखी पुन्हा घडवायला किती वर्षे लागतात, हेही लिही. चार भाषांत वाढलेल्या आपल्या सीमाभागातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्त्री अधिकाऱ्यांचा भाग घाईत उरकू नकोस. आपल्याच कर्नाटकातील कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये या सेवेत आल्या, तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते; म्हणजे त्या काळी राजीनाम्याची अट सरकारनेच घातली होती. पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. आज तो नियम नाही, पण नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा आणि दर तीन वर्षांनी बांधायचे सामान यांचा भार घरात कोणावर पडतो, हे तू जाणतेस. जोडीदाराला नोकरी करता येईल असे करार ज्या देशांशी झाले आहेत, तिथल्या नेमणुकांची यादी अर्ज येण्याआधीच कर्मचाऱ्यांच्या हाती पडावी, असा आग्रह धर.

प्रत्येक अर्जापुढे आवक दिनांक आणि उत्तराचा दिनांक लिहून एक साधा तक्ता कर. टिपणी मला पाठवू नकोस, ती कार्यालयाची आहे. मात्र अर्ज सर्वांत जास्त दिवस ज्या टेबलावर पडून राहिले ते टेबल तुझ्या विभागातले निघाले, तरी ते गाळू नकोस.

तुझा,
काका