मेदॉक आणि सेंत-एमिलियों एकाच दिवसात करू नका (बोर्दोच्या खाजगी वाइन टूरबद्दल)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही दोघं, सोबत सत्तरीतले आईवडील, फ्रान्समधल्या बोर्दोत एकच मोकळा दिवस, आणि एका टूर ऑफिसने पाठवलेला कार्यक्रम: सकाळी मार्गो, दुपारी पोयाक (दोन्ही मेदॉकमधली), संध्याकाळी सेंत-एमिलियों. चार शातो, म्हणजे वाइन बनवणारे मळे, आणि खाजगी गाडी. खाली तुम्ही विचारलंय, "खाजगीच आहे, तर जमेल ना?" जवळपास हाच कागद तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात होता, फक्त शातो तीन होते. आणि मीही हेच विचारलं होतं. म्हणून राहवत नाही, जरा लांबलचक लिहितेय.

जमणार नाही. का, ते सांगते.

नकाशावर पोयाक आणि सेंत-एमिलियों यांच्यात सरळ रेघ मारली तर अंतर फार वाटत नाही. मीही तशीच रेघ मारली होती. पण मध्ये पाणी आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेला एकत्र येतात आणि तिथून समुद्रापर्यंत साधारण 75 किलोमीटर लांबीची जिरोंदची खाडी पसरते. या खाडीवर एकही पूल नाही. मेदॉकच्या काठावरच्या लामार्कहून पलीकडच्या ब्लायला फेरीबोट जाते, पण दिवसातून मोजक्याच वेळा. बोट चुकली की गाडी परत बोर्दोपर्यंत खाली आणायची, शहराच्या बाह्यवळण रस्त्याच्या गर्दीतून काढायची आणि मग पुन्हा पूर्वेला चाळीसेक किलोमीटर. पोयाक ते बोर्दो पन्नासेक किलोमीटर आहेच. मेदॉकला डावा तीर आणि सेंत-एमिलियोंला उजवा तीर असं लोक सहज बोलून जातात, आपल्याला वाटतं एकाच नदीचे दोन काठ, पलीकडे जायला किती वेळ लागणार? गाडीत बसल्यावर ते दोन वेगळे प्रांत असतात.

ही माझी चूक, ती मी ऑफिसवर ढकलत नाही. पण त्या भागात रोज गाड्या पाठवणाऱ्या ऑफिसला हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. मी ईमेलमध्ये स्पष्ट विचारलं होतं, दोन्हीकडे जाणं धावपळीचं होईल का, सासूसासरे सोबत आहेत. एका ओळीचं उत्तर आलं: टूर खाजगी आहे, सगळं तुमच्या सोयीने होईल. त्या एका ओळीवर मी पैसे भरले.

आमचा दिवस असा गेला. मे महिन्यातला शनिवार. नऊला निघालो, मार्गोच्या पहिल्या शातोत वेळेत पोचलो, आणि ती भेट फार सुंदर झाली. मळ्यातली खडी हातात घेऊन दाखवली. दिवसभर तापलेली ती खडी रात्री ऊब देते, पाणी साचू देत नाही, म्हणून काबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं द्राक्ष इथे साधतं. मग टाक्या, मग पिंपांचं तळघर. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या, हे ऐकून सासरे प्रत्येक रांगेतली पिंपं मोजत होते. पण कार्यक्रमात या भेटीला पाऊण तास लिहिला होता आणि लागला दीड. तिथे कोणी वेळ वाया घालवला नाही. मळा, टाक्या, तळघर आणि चव एवढं नीट दाखवायचं तर दीड तास लागतोच. तुमच्या कागदावर चार भेटींना प्रत्येकी किती वेळ लिहिलाय ते बघा. पाऊण तास असेल तर कागद बनवणारा कधी आत गेलेला नाही.

पोयाकला सव्वाबाराला पोचलो. फाटक बंद. फ्रान्समध्ये गावाकडे बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते, बहुतेक शातोही पाळतात. चालकाने ऑफिसला फोन लावला, "थांबा" असं उत्तर आलं. आम्ही गाडीत थांबलो. वाट बघण्याच्या नादात जेवणाची वेळही गेली, कारण तिथल्या खानावळींची स्वयंपाकघरंही दोनच्या सुमारास बंद होतात. दोन वाजून दहा मिनिटांनी फाटक उघडलं आणि कळलं की आमच्या नावाची नोंदच नाही. आतल्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी मला स्क्रीन फिरवून दाखवलं: ऑफिसने चौकशीचा ईमेल पाठवला होता, त्यांनी "शनिवार भरलेला आहे" असं त्याच दिवशी कळवलं होतं, त्यावर पुढे काहीच नाही. म्हणजे आमच्या कार्यक्रमात छापलेली भेट मुळात नाकारलेली होती आणि ऑफिसला ते आठवडाभर आधी माहीत होतं.

तिथून बोर्दोमार्गे सेंत-एमिलियोंला पोचायला पावणेपाच झाले. तिथल्या शातोची चारची वेळ गेली. आणि एका सबंध खडकात कोरलेल्या चर्चची त्या दिवसाची शेवटची फेरीही निघून गेली होती. सासूबाईंना वाइनमध्ये रस नाही. त्या त्या चर्चसाठी आल्या होत्या. आठव्या शतकातल्या एमिलियों नावाच्या साधूची गुहा, त्याच्यामागे वाढलेलं गाव, चुनखडीच्या एका खडकात आत कोरत नेलेलं देऊळच ते, असं त्या आम्हाला वाचून दाखवायच्या. तिथे आपापलं आत जाता येत नाही, फक्त वाटाड्यासोबत ठरलेल्या फेरीत. त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे." तो "असू दे" मला अजून छळतो. पैशांचं दुःख केव्हाच गेलं.

पैशांचंही सांगते, कारण तुम्हाला उपयोग होईल. परत आल्यावर तीन आठवडे ईमेल चालले. शेवटचं उत्तर असं: तुम्ही खाजगी टूर घेतली, म्हणजे गाडी आणि चालक, ते दहा तास तुम्हाला मिळाले, शातोंच्या भेटी "उपलब्धतेनुसार". हे शब्द खरंच अटींमध्ये होते, शेवटच्या पानावर. एक युरो परत आला नाही. ऑफिसचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. दुसऱ्या ऑफिसांच्या अटींमध्येही तेच शब्द मी नंतर पाहिलेत.

तेव्हा पैसे भरण्याआधी तुम्ही त्यांना एवढंच लिहा: प्रत्येक शातोचं नाव, भेटीची वेळ, भेट कुठल्या भाषेत, आणि शातोकडून आलेलं मान्यतेचं उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवा. "मार्गोतील एक नामांकित शातो" असं उत्तर आलं तर सोडून द्या. नाव मिळालं तर त्या शातोला स्वतः ईमेल करा की अमुक दिवशी, अमुक नावाने चौघांची नोंद आहे का. मला नंतरच्या वेळी सगळ्यांनी एक-दोन दिवसांत उत्तर दिलं. हे उद्धटपणाचं वगैरे अजिबात नाही. वाइन चाखण्याचे पैसे धरलेत की तिथे वेगळे द्यायचे, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि "खाजगी" म्हणजे नक्की काय? बहुतेक वेळा गाडी खाजगी असते, शातोतली फेरी दहा-पंधरा अनोळखी लोकांसोबत. त्यात वाईट काही नाही, आमची मार्गोची फेरी तशीच होती. पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते माहीत असावं.

चालक म्हणजे वाटाड्या नव्हे, हेही धरून चला. आमचा चालक सज्जन माणूस होता, सासऱ्यांना हात धरून उतरवायचा, पण त्याचं काम गाडी चालवणं. द्राक्षांबद्दल बोलणारं माणूस हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. शातोत माहिती देणारे असतातच, त्यामुळे माझ्या मते गरज नाही. इथे इतरांचं मत वेगळं असू शकतं.

आता तुमच्या दिवसाचं. आईवडील सोबत आहेत आणि त्यांना गाव बघायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी उजवा तीर निवडेन. सेंत-एमिलियों 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि नुसतं गाव नाही, भोवतालच्या मळ्यांसकट. सकाळी एक शातो, जेवण गावात, दुपारी ते चर्च, नंतर जमलं तर दुसरा शातो. बस. चर्चच्या फेरीची वेळ सगळ्यात आधी पक्की करा आणि दिवस तिच्याभोवती बसवा. गावातले उतार फार तीव्र आणि दगडी आहेत, गुडघे दुखत असतील तर गाडी वरच्या बाजूला सोडायला सांगा आणि चालकाला हे आदल्या दिवशी कळवा. तळघरांत मेमध्येही गारवा असतो, आईंना शाल.

मेदॉक सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका. शातोंची प्रतवारी लावणारी 1855 ची ती प्रसिद्ध यादी आहे, त्यातली लाफित, लातूर, मूतों ही नावं पोयाकचीच, पण पहिल्या प्रतीच्या या शातोंचे दरवाजे आपल्यासारख्यांना सहसा उघडत नाहीत. लोक फाटकाबाहेर फोटो काढून येतात. फोटोसाठी एवढी खाडी फिरायची का? तुम्हाला मेदॉकच हवं असेल तर पूर्ण दिवस मेदॉक करा, मार्गो ते पोयाक त्याच एका रस्त्यावर, आणि क्रू बुर्जुआ गटातले, म्हणजे त्या यादीबाहेरचे मेदॉकचे शातो घ्या. माझ्या अनुभवात तिथे बोलायला वेळ देतात.

चार शातो तर कुठल्याही तीरावर नकोत. बोर्दोच्या कोवळ्या लाल वाइनचा तुरटपणा जिभेवर चढत जातो, तिसऱ्यानंतर मला तरी फरक कळत नव्हता. प्यायलीच पाहिजे असंही नाही. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही, जाणकार तेच करतात. वडिलांच्या गोळ्या चालू आहेत असं लिहिलंय, तर डॉक्टरांना विचारून ठरवा, त्यावर मी काही सांगणं बरोबर नाही.

स्वतः गाडी भाड्याने घेण्याबद्दल विचारलंत. फ्रान्समध्ये मर्यादा रक्ताच्या लिटरमागे 0.5 ग्रॅम, नवख्या परवान्याला 0.2. दिवसभर चव घेऊन त्यात राहण्याची खात्री कोणी देऊ नये. एकाने अजिबात प्यायची नाही असं ठरत असेल तरच. ट्रेनचा पर्यायही आहे: बोर्दोच्या सें-जां स्टेशनवरून सेंत-एमिलियोंला पाऊण तासाच्या आत पोचता येतं. स्टेशन गावापासून दीडेक किलोमीटर बाहेर आहे, तरुणांना काही नाही, तुमच्या आईवडिलांसाठी टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागेल. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा जाताना ट्रेन आणि येताना गाडी असं केलं आणि खर्च निम्म्यावर आला. शातोही दोनच घेतले, दोन्हीकडे मीच ईमेल केले होते. सासूबाई सोबत होत्या. चर्चची फेरी पाऊण तासाची, त्या बाहेर आल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तारखांचं एक. तुम्ही "सप्टेंबर किंवा ऑक्टोबर" म्हणताय. तो तोडणीचा हंगाम, मळ्यात द्राक्षं बघायला मिळतील, पण छोटे शातो त्या दिवसांत पाहुणे घेत नाहीत किंवा फार कमी घेतात. सप्टेंबरात मेदॉकमध्ये मॅरेथॉन असते, त्या दिवशी पोयाककडचे रस्ते बंद. वसंतात व्यापारी नवी वाइन पिंपातून चाखायला येतात, तेव्हाही जागा मिळत नाही. रविवार शक्यतो टाळा, मेदॉकमध्ये तर नक्कीच.

बाटल्या घेणार असाल तर हातातल्या बॅगेत चालत नाहीत, 100 मिलिलिटरची मर्यादा. सामानाच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणल्या, एकही फुटली नाही, पण शातोत विचारलं तर जाड पुठ्ठ्याचं खोकं देतात, ते बरं.

ऑफिसकडून शातोंची नावं आणि वेळा आल्या की इथे टाका. एका भेटीतून दुसरीकडे जायला खरंच किती वेळ लागेल ते मी बघून सांगते. आणि तोवर आगाऊ रक्कम भरू नका, "आज भरलंत तर सवलत" असं म्हणाले तरी.