हसत हसत लॅटिन

प्रश्न : नात नववीत आहे. रोमन सम्राटांचं वेड लागलंय, आता लॅटिन शिकायचं म्हणते. व्याकरणाचं पुस्तक आणलं, ते दोन दिवसांत कपाटात गेलं. हसत शिकता येईल असं काही आहे का?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : आजोबा, माझंही पहिलं पुस्तक कपाटातच गेलं होतं! खानापुरात संस्कृत शिकवून निवृत्त झालो नि हौसेनं लॅटिन धरलं. रूपावली पाठ करताना झोप यायची. मग ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’चा पहिला भाग मिळाला. इंग्रजीतून आहे, पण जमेल तिला. पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातला सावकार काइकिलिउस, त्याचं घर, कुत्रा, आचारी. आचारी स्वयंपाकघरात घोरतोय नि कुत्रा टेबलावर चढलाय! ‘स्टेर्टिट’ म्हणजे घोरतो, हे मी जन्मात विसरणार नाही. सावकार खराच होता बरं. त्याच्या हिशेबाच्या मेणपाट्या १८७५ मध्ये सापडल्या. पुढे इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटतो, तिथं मात्र रडू येतं.

संस्कृत येत असेल तर ‘अग्नी’चा ‘इग्निस’, ‘सप्त’चा ‘सेप्टेम’ तिला आपसूक दिसेल. घरात मराठी, बाहेर कन्नड बोलणाऱ्या आपल्या पोरांना आणखी एका भाषेचं काय भ्या?

इतिहासासाठी ‘अ‍ॅस्टेरिक्स’ ही चित्रकथा. इ.स.पू. ५०, सीझरनं सगळा गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) जिंकलाय, एक गाव सोडून. त्या गावाचा हट्ट सीमाभागात समजावून सांगावा लागत नाही. त्यातला म्हातारा समुद्री चाचा जहाज बुडालं तरी लॅटिन वचनं ऐकवतो, ती वहीत उतरवायला सांगा. गावकऱ्यांना बळ देणारा जादूचा काढा तेवढा परीक्षेत लिहू नको म्हणावं.