चेहऱ्याला भुलू नका, घोटा बघा

नागपूरच्या वाचकांचे प्रश्न आणि संग्राहकांची उत्तरं. या वेळी विज्ञानकथांवरच्या टीव्ही मालिकांमधल्या ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलवता येणाऱ्या पात्रांच्या छोट्या प्रतिकृती. उन्हाळा तोंडावर असल्याने बरेच प्रश्न उष्णतेचेच आले आहेत.

प्रश्न: ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘द मॅन्डलोरियन’ मालिकेच्या नायकाची ‘ब्लॅक सिरीज’ या हॅस्ब्रो कंपनीच्या संचातली सहा इंची फिगर घेतली आहे. कॉलेजच्या अंकासाठी तिचं परीक्षण लिहायचंय, पण ‘हुबेहूब आहे, मस्त आहे’ याच्या पुढे गाडी जात नाही. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने? (धरमपेठ)

उत्तर: क्रमाला महत्त्व आहे. काही गोष्टी खोका फोडल्यावर पुन्हा बघता येत नाहीत, आणि काही पहिल्या दिवशी दिसतच नाहीत.

खोका उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो घ्या. आतल्या ट्रेमध्ये कोणती वस्तू कुठे बसवली आहे तेही टिपा. छोटी पिस्तुलं आणि सुटे हात ट्रेच्या मागच्या बाजूला चिकटवलेले असतात आणि ट्रेबरोबर कचऱ्यात जातात. मग फिगर बाहेर काढा, पण लगेच हातपाय फिरवू नका. आधी प्रत्येक सांध्याकडे नुसतं बघा. रंग सांध्याच्या फटीत उतरून वाळला असेल तर तो सांधा चिकटलेला असतो. जोर लावला की सांधा सुटत नाही, आतली पिन पिळली जाते, आणि पिळलेल्या पिनेला इलाज नाही. पकडताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ धरा. पाऊल धरून गुडघा वाकवला की सगळा ताण घोट्यावर येतो. सांधा हलत नसेल तर हेअर ड्रायर 15 सेंटिमीटरवरून 20 ते 30 सेकंद फिरवा, नाहीतर तो भाग मिनिटभर गरम पाण्यात धरा. डिसेंबर-जानेवारीत फिगर उघडत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. थंडीत प्लॅस्टिक ताठरतं, आणि पारदर्शक तुकडे आणि बारीक पिना तेव्हाच तुटतात.

आता मापं. सहा इंची फिगर म्हणजे 1:12 प्रमाण, पावणेचार इंची म्हणजे 1:18, बारा इंची म्हणजे 1:6. 180 सेंटिमीटर उंचीचा माणूस 1:12 मध्ये बरोबर 15 सेंटिमीटर भरला पाहिजे. शिरस्त्राण आणि बुटाचा तळ यांचे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जास्त धरा. स्टीलच्या पट्टीने मोजून आकडा लिहा. सांध्यांसाठी कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. कोपर किती अंशांपर्यंत दुमडतं, गुडघा 90 च्या पुढे जातो का, पाय पुढे उचलला तर मांडी कुठे अडते. कमरेच्या पट्ट्याला किंवा चिलखताच्या फळीला मांडी अडत असेल तर तो सांध्याचा दोष नव्हे, रचनेचा आहे. हा फरक परीक्षणात आलाच पाहिजे.

आणि आता घोटा. फोटो चेहऱ्याचे निघतात, कौतुकही चेहऱ्याचं होतं, पण फिगर उभी राहते ती घोटा आणि खुबा या दोन सांध्यांवर. घोट्याला दोन हालचाली हव्यात. पुढे-मागे तर हवीच, शिवाय आडवीही हवी. पाय फाकवून उभं केल्यावर तळवा पूर्ण टेकतो तो आडव्या हालचालीमुळे. ती नसेल तर फिगर पावलाच्या कडेवर उभी राहते आणि पंखा लावला की पडते. तीन पवित्र्यांत तपासा: सरळ उभी, पाय फाकवून, आणि एक पाय पुढे टाकून हातात शस्त्र. काचेवर ठेवा, मोबाइलमधल्या लेव्हलने काच समपातळीत आहे का ते बघा आणि फिगर 24 तास तशीच राहू द्या. आठवड्याने पुन्हा बघा. पहिल्या दिवशी लिहिलेलं परीक्षण हे खोक्याचं परीक्षण असतं. केप प्लॅस्टिकची असेल तर ती मागे ओढते, पाठीवरचा जेटपॅकही (उडण्याचं यंत्र) ओढतो, म्हणून ही चाचणी सगळं सामान लावून आणि काढून अशी दोनदा करा.

मालिकेशी ताडून बघताना आठवणीवर विसंबू नका, भाग थांबवून बघा. तुमच्या नायकाबाबत नेमका कोणता भाग हे फार महत्त्वाचं आहे. मालिका नोव्हेंबर 2019 मध्ये आली. पहिल्या हंगामात आठ भाग आहेत. सुरुवातीला त्याचं चिलखत जुनं, तपकिरी छटेचं आहे. बेस्कर या चकचकीत धातूचं पूर्ण चिलखत येतं तिसऱ्या भागात. खांद्यावरची मडहॉर्नची (मालिकेतल्या एकशिंगी प्राण्याची) खूण आणि जेटपॅक दोन्ही मिळतात आठव्या भागात. त्यामुळे चकचकीत चिलखत आहे पण खूण नाही, अशी फिगर चुकीची ठरत नाही, ती तिसऱ्या ते आठव्या भागामधली आहे. पण खूण नाही आणि खोक्यात जेटपॅक मात्र आहे, तर मग दोन काळांची सरमिसळ झाली आहे, आणि ते लिहायला हरकत नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या फिगर बघताना हेच काम गळपट्टीवरच्या, हुद्दा दाखवणाऱ्या टिकल्या करतात: कॅप्टन पिकार्डला चार, रायकरला तीन, डेटाला दोन भरीव आणि एक पोकळ. एवढ्याशा टिकल्या नीट छापता आल्या असतील तर बाकीची रंगाई सहसा चांगलीच असते.

रंग दोन अंतरांवरून बघा. 30 सेंटिमीटरवरून, म्हणजे कपाटातली फिगर जशी दिसते तसं, आणि मग भिंगातून. भिंगातून दिसणारा प्रत्येक ठिपका दोष म्हणून मांडू नका. हातभर अंतरावरून दिसतो तोच दोष. दोन रंगांची सीमा, पट्ट्याच्या बक्कलची कड आणि साच्याची शिवण या तीन जागा पुरेत. फोटो खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून घ्या. धातूच्या रंगावर फ्लॅश पडला की खरा रंग कळत नाही. शेवटी किंमत, खरेदीचा महिना आणि सोबतच्या वस्तूंची पूर्ण यादी द्या. शस्त्र हातात घट्ट बसतं का, म्यानात जातं का, हेही लिहा.

प्रश्न: घर वरच्या मजल्यावर आहे, स्लॅब तापतो. गेल्या मे महिन्यात शोकेसमधल्या चार फिगर हळूहळू पुढे झुकल्या, एकीचे पाय तर कायमचे वाकले. कंपनीचा दोष की आमचा? (महाल)

उत्तर: दोष पीव्हीसीचा आणि नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांचा. फिगरमध्ये साधारण दोन प्लॅस्टिकं असतात. छातीचा सांगाडा आणि कडक सांधे बहुधा एबीएस या टणक प्लॅस्टिकचे असतात. ते 100 अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणजे नागपुरातही सुरक्षित. पाय, हात, केप हे मऊ पीव्हीसीचे. ते लवचीक राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं. अशा पीव्हीसीवर सतत वजन असेल तर ते 40-45 अंशांतही वितळत नाही, पण हळूहळू सरकत जातं. वजन पुढे असेल तर घोट्याच्या वरचा भाग पुढे कलतो. बाहेर पारा 45 वर असताना स्लॅबखालच्या बंद काचेच्या कपाटात, त्यात दिवा असला तर आणखीच, तापमान खोलीपेक्षा वर जातं.

पाय सरळ करायची रीत अशी. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा. पाणी 70-80 अंशांवर आलं की फक्त वाकलेला भाग मिनिट-दोन मिनिटं बुडवा. बाहेर काढून सरळ करा, किंचित उलट्या बाजूला जास्त वाकवा, कारण तो थोडा परत येतोच. तसाच धरून बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. माठातलं पाणी यासाठी पुरेसं गार नसतं. सगळी चूक इथेच होते: लोक गरम नीट करतात आणि गार व्हायच्या आत हात सोडतात. कापडी कपडे, स्टिकर किंवा दिवे असलेला भाग पाण्यात घालू नका, तिथे ड्रायर वापरा.

एप्रिल लागला की ज्या फिगर आडव्या ठेवता येतील त्या ठेवा. उभ्या ठेवायच्याच तर कमरेला आधार देणारा स्टँड लावा. तळव्यातल्या भोकात खुंटी बसवणारे स्टँड फिगरला पडू देत नाहीत, पण कलणं थांबवत नाहीत, कारण वजन घोट्यावरच राहतं. कपाट पश्चिमेच्या भिंतीला नको आणि वरचा कप्पाही नको. उन्हाळ्यात कुरिअरने आलेलं पार्सल सावलीत दोन तास तसंच राहू द्या. दिवसभर गाडीत तापलेली फिगर लगेच ट्रेमधून ओढली की रंग ट्रेला चिकटून येतो. आणि नवी फिगर स्कूटीच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीत खरेदी करत फिरू नका.

प्रश्न: 1990 च्या दशकातल्या स्टार ट्रेकच्या फिगर पेटीतून काढल्या तर हाताला चिकट लागतात. स्पिरिटने पुसू का? (खामला)

उत्तर: नको. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी चिकटपणा जाईल आणि गणवेशाचा रंगही जाईल. तो चिकटपणा म्हणजे पीव्हीसीतून बाहेर आलेलं प्लॅस्टिसायझर. बंद पेटीत त्याला जायला जागा नसते, म्हणून ते पृष्ठभागावर साचतं. लिटरभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, मऊ टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत दिवसभर वाळवा. उन्हात नाही. काही महिन्यांनी थोडा चिकटपणा परत येईल, तेव्हा पुन्हा धुवा. पेटीला हवा लागेल असं बघा. फिगर मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळू नका.

पेटीत डांबराच्या गोळ्या आहेत का तेही बघा. जुन्या कपड्यांबरोबर ठेवलेल्या खेळण्यांत त्या हटकून सापडतात. नॅफ्थलीनची वाफ काही प्लॅस्टिकं मऊ करते. पारदर्शक डबे आणि छोटी शस्त्रं आधी खराब होतात.

याच काळातल्या प्लेमेट्स कंपनीच्या फिगर असतील तर तळव्यावर क्रमांक छापलेला असतो. घासताना तेवढी जागा सोडा, विकताना कामाला येतो.

प्रश्न: काकांनी इंग्लंडहून आणलेल्या ‘डॉक्टर हू’च्या जुन्या संचातला के-9 कुत्रा हिरवा आहे. मालिकेत तो करडा आहे. डुप्लिकेट आहे का? (सदर)

उत्तर: नाही. डॅपॉल कंपनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या खेळण्यांच्या संचातला के-9 खरोखरच आधी हिरवा निघाला होता. नंतर तो करडा झाला. त्याच कंपनीने डॅव्हरॉस या खलनायकाला दोन हात दिले (मालिकेत तो एकाच हाताने काम करतो) आणि टार्डिसमधल्या (डॉक्टरचं कालयान) सहा बाजूंच्या कन्सोलला पाचच बाजू ठेवल्या. रंगवून ‘दुरुस्त’ करू नका!

प्रश्न: मूळ फिगरच्या पाव किमतीत तीच फिगर मिळते आहे. फोटोत फरक दिसत नाही. कसं ओळखावं? (इतवारी)

उत्तर: फोटोत दिसणार नाही, मागवायचाच तर पायाच्या तळव्याचा आणि पाठीचा जवळून फोटो मागवा. हक्कधारकाचं नाव आणि वर्ष तिथे कोरलेलं असतं. नकली साचा बहुतेक वेळा खऱ्या फिगरवरूनच काढतात, त्यामुळे अक्षरं बुजलेली किंवा घासून काढलेली असतात, आणि फिगर एक-दोन मिलिमीटरने लहान भरते, कारण साच्यात प्लॅस्टिक गार होताना आक्रसतं. म्हणून उंची मोजणं इथेही कामी येतं. एक मात्र लक्षात ठेवा, कोरलेलं वर्ष साच्याचं असतं, फिगर बनवल्याचं नव्हे. खोक्यावर 2021 आणि पायावर 2019 दिसलं म्हणून बनावट ठरवू नका. हातात आल्यावर वास घ्या. थिनरसारखा उग्र वास चार दिवस मोकळ्या हवेत ठेवूनही जात नसेल तर ती लहान मुलांच्या हातात देऊ नका.

प्रश्न: खुब्याचा सांधा सैल झाला आहे. फेविक्विक टाकलं तर? (मानेवाडा)

उत्तर: फेविक्विकची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखा थर सोडते, आणि हात थांबला की सांधा कायमचा बंद. त्यापेक्षा लाकडाचा पांढरा फेविकॉल एक थेंब आणि पाणी दोन थेंब असं मिसळा, टूथपिकने सांध्याच्या गोळ्यावर लावा, सांधा पाच-सहा वेळा फिरवा आणि पाय ताठ ठेवून 24 तास वाळू द्या. कमी वाटलं तर दुसरा हात द्या. बिघडलं तर पाण्याने निघतो, हा त्याचा मोठा गुण. उलट सांधा कुरकुरत असेल तर खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो.

प्रश्न: कार्डावरच्या न उघडलेल्या फिगरची कार्डं कमानीसारखी वाकत आहेत. (मनीषनगर)

उत्तर: खोलीत कूलर चालतो का? कूलरची ओलसर हवा पुठ्ठ्याच्या उघड्या मागच्या बाजूने शिरते, छापील बाजू तेवढी फुगत नाही, म्हणून कार्ड वाकतं. त्या फिगर कूलर नसलेल्या खोलीत हलवा. कडक पारदर्शक केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. आधीच वाकलेलं कार्ड दाबून सरळ करायला गेलात तर फिगरवरचा प्लॅस्टिकचा फुगा सुटेल. कोरड्या खोलीत ते आपोआप बरंचसं सरळ होतं. त्यातली फिगर बोलणारी किंवा दिवे लागणारी असेल तर आत बटण सेल आहे हे विसरू नका. उष्णतेत तो लवकर गळतो, आणि न उघडलेल्या कार्डातून तो काढता येत नाही. अशी फिगर उघडायची की तशीच ठेवायची, ते किंमत बघून तुम्हीच ठरवा. आमच्या मते सेलची जागा गंजलेली फिगर कार्डासकट असली तरी कमीच किमतीची.